सलग १९ वेळा १ लिहिल्यावर मिळणारी संख्या मूळ का आहे?

थोडक्यात
• १ हा अंक सलग १९ वेळा लिहिला की ११,११,११,११,११,११,११,११,१११ ही संख्या मिळते. ती मूळ संख्या आहे.
• फक्त १ हा अंक वापरून लिहिलेल्या आणि १०३१ अंकांपर्यंतच्या संख्यांमध्ये मूळ संख्या फक्त पाच आहेत. त्या २, १९, २३, ३१७ आणि १०३१ अंकी आहेत.
• देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्या डेम्लो संख्या याच कुळातल्या संख्यांपासून तयार होतात.
• अशा मूळ संख्या अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.

आधी मूळ संख्या म्हणजे काय?

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः असे दोनच विभाजक असतात, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३ या सुरुवातीच्या मूळ संख्या. बाकीच्यांना (१ सोडून) संयुक्त संख्या म्हणतात. हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण समोर आलेली एखादी संख्या मूळ आहे का, हे ठरवायचे कसे?

धाराशिव शहराचा पिनकोड घेऊ: ४१३५०१. एक सोडून एक अंकांची बेरीज करा. ४ + ३ + ० = ७ आणि १ + ५ + १ = ७. दोन्ही बेरजा सारख्या आल्या, म्हणजे ही संख्या ११ ने भागली जाते. ४१३५०१ = ११ × ३७५९१. म्हणजे धाराशिवचा पिनकोड संयुक्त आहे. तुळजापूरचा ४१३६०१ तर अंकांच्या बेरजेतच अडकतो. बेरीज १५ येते, म्हणून त्याला ३ ने भाग जातो.

आता उरलेला ३७५९१ पाहा. त्याला २, ३, ५, ७ यांपैकी कशानेही भाग जात नाही. मग किती पुढे जायचे? इथे एक सोपा नियम कामाला येतो. संख्या फुटत असेल तर तिच्या दोन तुकड्यांपैकी एक तरी तिच्या वर्गमुळाएवढा किंवा त्याहून लहान असतो. ३७५९१ चे वर्गमूळ १९४ च्या आत आहे. म्हणून १९३ पर्यंतच्या ४४ मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे. एकानेही भाग जात नाही, म्हणून ३७५९१ मूळ आहे.

रस्त्यावरच्या गाड्यांवरही हे करून बघता येते. धाराशिव जिल्ह्यातल्या गाड्यांची नोंदणी एमएच-२५ ने सुरू होते आणि शेवटी जास्तीत जास्त चार अंकी क्रमांक असतो. ९९९९ पर्यंतच्या कोणत्याही संख्येसाठी १०० च्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की काम होते. त्या किती आहेत? बरोबर २५. हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला सोपा. १ ते ९९९९ मध्ये एकूण १२२९ मूळ संख्या आहेत, म्हणजे साधारण आठ गाड्यांमागे एक.

फक्त १ ने बनलेल्या संख्या

पिनकोडमध्ये आपल्याला ११ सापडला. तो दोन वेळा १ लिहून बनतो आणि मूळ आहे. मग तीन वेळा, चार वेळा, शंभर वेळा १ लिहिला तर?

अशा संख्यांना इंग्रजीत रेप्युनिट म्हणतात. पुन्हा पुन्हा येणारा एकक, असा त्याचा अर्थ. हे नाव अमेरिकेतले गणितलेखक अल्बर्ट बायलर यांनी १९६०च्या दशकात रूढ केले. संख्या मात्र त्याच्या खूप आधीपासून अभ्यासल्या जात होत्या.

पहिला नियम लगेच सापडतो. १ किती वेळा लिहिला तो आकडा संयुक्त असेल, तर तयार होणारी संख्याही संयुक्तच असते. चार वेळा लिहिला तर ११११ मध्ये ११ ची जोडी दोनदा बसते, म्हणून ११११ = ११ × १०१. सहा वेळा लिहिला तर ११११११ = १११ × १००१. म्हणजे मूळ संख्या हवी असेल तर १ किती वेळा लिहायचा तो आकडाही मूळच पाहिजे.

पण उलटे खरे नाही. हे बघा:

३ वेळा १: १११ = ३ × ३७
५ वेळा १: १११११ = ४१ × २७१
७ वेळा १: ११११११११११ पैकी पहिले सात, म्हणजे ११,११,१११ = २३९ × ४६४९
११ वेळा १: = २१६४९ × ५१३२३९
१३ वेळा १: = ५३ × ७९ × २६५३७१६५३
१७ वेळा १: = २०७१७२३ × ५३६३२२२३५७

सतरापर्यंत ११ सोडून सगळ्या फुटल्या. शेवटच्या ओळीतला लहान तुकडाही २० लाखांच्या वर आहे. तो हाताने शोधणे किती कष्टाचे असेल, याची कल्पना करा. आणि मग येतो १९. इथे एकही तुकडा सापडत नाही.

१९ अंकी संख्या मूळ आहे हे कळले कसे?

ही संख्या ११ लाख ११ हजार लाख कोटींच्या पुढची. तिचे वर्गमूळ सुमारे १०५ कोटी ४० लाख. म्हणजे एकेका संख्येने भागत बसायचे तर तिथपर्यंत जावे लागेल. संगणक नसताना हे अशक्यच. म्हणून गणितज्ञ आधी शोधायची जागा कमी करतात.

समजा एखादी मूळ संख्या या १९ अंकी संख्येचा विभाजक आहे. मग १० चा १९ वा घात तिने भागला की बाकी १ उरते. १० च्या घातांच्या बाक्या ठरावीक टप्प्याने फिरून येतात आणि इथे तो टप्पा १९ चा असतो. फर्मा यांच्या प्रमेयानुसार हा टप्पा 'विभाजक वजा १' ला नेहमी भागतो. त्यामुळे विभाजकाला १९ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे. शिवाय तो विषम असणार. म्हणजे विभाजक असेलच तर तो ३८ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असेल: ७७, ११५, १५३, १९१, २२९ अशा रांगेतला. १०५ कोटींऐवजी आता सुमारे २ कोटी ७७ लाख उमेदवार उरले. त्यातले मूळ तेवढे तपासायचे.

दुसरी वाट आणखी सुंदर आहे. या संख्येतून १ वजा करा. उरलेली संख्या अगदी बारीक तुकड्यांत फुटते: २ × ५ × ३ × ३ × ७ × ११ × १३ × १९ × ३७ × ५२५७९ × ३३३६६७. फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले, की 'संख्या वजा १' चे सगळे तुकडे माहीत असतील तर थोड्या घातांच्या बाक्या तपासून ती संख्या मूळ असल्याची पक्की खात्री करता येते. म्हणजे शेजारची संख्या सहज फुटते, म्हणून ही फुटत नाही हे सिद्ध करणे सोपे जाते.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत ऑस्कर होप यांनी ही संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले. २३ वेळा १ असलेली संख्या मूळ असल्याचे १९२९ मध्ये डेरिक लेहमर आणि मॉरिस क्राइचिक यांनी स्वतंत्रपणे दाखवले.

या संख्येचे खास गुण

१. व्यस्ताचा नमुना. १ ला ११ ने भागले की ०.०९०९०९... येते: एक शून्य, मग ९, पुन्हा तेच. १ ला आपल्या १९ अंकी संख्येने भागले की दशांशचिन्हानंतर १८ शून्ये, मग ९, पुन्हा १८ शून्ये, मग ९, असे कायम चालते. आवर्तन बरोबर १९ अंकांचे.

२. आवर्तनात एकटी. ४१ आणि २७१ या दोन्ही मूळ संख्यांच्या व्यस्ताचे आवर्तन ५ अंकांचे असते. तिथे दोघे वाटेकरी आहेत. १९ अंकांचे आवर्तन देणारी मूळ संख्या मात्र जगात एकच आहे आणि ती हीच. कारण असे आवर्तन देणारी प्रत्येक मूळ संख्या हिचा विभाजक असावी लागते आणि हिला दुसरा मूळ विभाजकच नाही.

३. कशीही वाचा, तीच. उलटी वाचली, अंक फिरवले, जागा बदलल्या, तरी संख्या तीच राहते. १३ उलटी केली तर ३१ मिळते आणि दोन्ही मूळ असतात. पण १९ उलटी केली की ९१ होते आणि ती ७ × १३ अशी फुटते. इथे ती भानगडच नाही.

४. सोप्या चाचणीला फसवणारे भाऊबंद. संख्या मूळ असेल तर १० च्या 'संख्या वजा १' एवढ्या घाताला तिने भागल्यावर बाकी १ उरते. मग बाकी १ आली की संख्या मूळ, असे म्हणायचे का? नाही. १११११ ही संख्या ४१ × २७१ अशी फुटते, तरी या चाचणीत पास होते. ५ पासून पुढे कोणत्याही मूळ आकड्याएवढे १ लिहा, संख्या फुटणारी असो वा नसो, १० ची ही चाचणी ती पास होतेच. म्हणून इथे दुसरा आधार घेऊनच तपासावे लागते.

कापरेकर मास्तर आणि डोंबिवली स्टेशन

या संख्यांचे नाव निघाले की महाराष्ट्रातल्या एका माणसाचे नाव येतेच. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात नोकरी नाही. कागद, पेन्सिल आणि संख्या एवढेच.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध संख्या ६१७४. सगळे सारखे नसलेले कोणतेही चार अंक घ्या. उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा आणि हेच पुन्हा पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. धाराशिवच्या पिनकोडचे पहिले चार अंक ४१३५ घेऊन बघा: ४०८६, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. बरोबर सात पायऱ्या.

दुसरा शोध डेम्लो संख्यांचा. डोंबिवली स्टेशनला तेव्हा डेम्लो म्हणत. तिथे या संख्यांचा विचार सुरू झाला, म्हणून कापरेकरांनी त्यांना स्टेशनचेच नाव दिले. अशा संख्येच्या डाव्या आणि उजव्या भागांची बेरीज केली की मधला पुन्हा पुन्हा येणारा अंक मिळतो. उदाहरणार्थ १४ × १११ = १५५४. कडेचे १ आणि ४ मिळून ५, आणि मध्ये ५५. या कुळातल्या सर्वांत देखण्या संख्या म्हणजे फक्त १ ने बनलेल्या संख्यांचे वर्ग:

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

हा मनोरा तुम्ही फॉरवर्डमध्ये नक्की पाहिला असेल. बहुतेक वेळा त्याखाली कापरेकरांचे नाव नसते.

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिले आणि जगाला हे नाव कळले. १९८६ मध्ये कापरेकरांचे निधन झाले. त्याच वर्षी ह्यू विल्यम्स आणि हार्वे डब्नर यांनी १०३१ वेळा १ असलेली संख्या मूळ असल्याची सिद्धता प्रसिद्ध केली.

नमुना दिसला म्हणजे सिद्ध झाले का?

गणिताचे 'चमत्कार' मोबाइलवर फिरतात तेव्हा हाच प्रश्न विचारायला हवा. वरचा मनोरा नऊ वेळा १ पर्यंत छान चालतो: १२३४५६७८९८७६५४३२१. दहाव्या पायरीला हातचे येतात आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ मिळते. मधला ८ गायब, मनोऱ्याचा कळस मोडला.

आणखी एक उदाहरण. ३१, ३३१, ३३३१, ३३३३१, ३३३३३१, ३३३३३३१, ३३३३३३३१ या सातही संख्या मूळ आहेत. पुढचीही मूळच असणार, असे कोणालाही वाटेल. पण ३३,३३,३३,३३१ = १७ × १,९६,०७,८४३. सात वेळा खरे ठरलेले आठव्या वेळी खोटे ठरले.

१ च्या संख्यांमध्ये उलटा धडा मिळतो. ३ पासून १७ पर्यंत सगळ्या फुटल्या म्हणून '११ नंतर एकही मूळ नाही' असे कोणी म्हटले असते, तर १९ ने त्याला खोटे पाडले असते. चार-सहा उदाहरणे दाखवणारा फॉरवर्ड मजेदार असू शकतो, पण तो पुरावा नसतो. पुरावा म्हणजे पुढचे प्रत्येक उदाहरण आधीच बांधून ठेवणारे कारण.

२३ नंतर काय?

२३ नंतर मोठी ओसाडी आहे. २९ पासून ३१३ पर्यंतच्या ५६ मूळ आकड्यांएवढे १ लिहून पाहिले तरी प्रत्येक संख्या फुटते. मग ३१७ वेळा १ ही मूळ निघते आणि पुढची थेट १०३१ ला. १०३१ पर्यंत एकूण १७३ मूळ आकडे आहेत. त्यांतल्या फक्त पाचांनी मूळ संख्या दिली.

त्यानंतरच्या सिद्धता आपल्या काळातल्या आहेत. ४९,०८१ वेळा १ असलेली संख्या मूळ असल्याचे २०२२ मध्ये आणि ८६,४५३ वेळा १ असलेली मूळ असल्याचे २०२३ मध्ये सिद्ध झाले. २०२१ मध्ये सापडलेली ८१,७७,२०७ वेळा १ असलेली संख्या चाचण्यांमध्ये मूळ असल्यासारखी वागते, पण तिला 'संभाव्य मूळ' असेच म्हणतात. चाचणी आणि सिद्धता यांतला फरक इतका काटेकोरपणे पाळला जातो.

गंमत म्हणजे, ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली विक्रमी मूळ संख्याही याच घडणीची आहे. ल्यूक ड्युरंट यांनी शोधलेली ती संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. ती दशमान पद्धतीत ४,१०,२४,३२० अंकी आहे. पण संगणकाच्या ० आणि १ च्या भाषेत ती कशी लिहितात? फक्त १, सलग १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ वेळा. द्विमान पद्धतीत अशा संख्यांसाठी ल्युका आणि लेहमर यांची खास जलद चाचणी आहे. दशमान पद्धतीतल्या १ च्या संख्यांसाठी तशी चाचणी नाही, म्हणून तिथले विक्रम इतके मागे आहेत.

याचा मला काय उपयोग?

तुम्ही हा लेख व्हॉट्सअॅपवर पाठवलात तर तो एका मोठ्या मूळ संख्येच्या आधाराने कुलूपबंद होऊन जाईल. व्हॉट्सअॅपच्या सांकेतिकीकरणात २ चा २५५ वा घात वजा १९ ही ७७ अंकी मूळ संख्या वापरली जाते. ती संख्या गुप्त नाही, सगळ्यांना माहीत आहे. गुप्त असते ती तुमच्या फोनमधली किल्ली.

आरएसए नावाच्या दुसऱ्या पद्धतीत मात्र मूळ संख्याच लपवाव्या लागतात. त्यात साधारण ३०८ अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार उघड ठेवतात आणि त्या दोन संख्या गुप्त ठेवतात. आकाराने आपली ३१७ अंकी संख्या तिथे चालली असती. पण सगळ्या जगाला माहीत असलेली संख्या गुपित म्हणून वापरणे म्हणजे मोबाइलचा पिन ११११ ठेवणे. कुलपासाठी नमुना नसलेली, नव्याने निवडलेली संख्याच लागते.

अजून न सुटलेला प्रश्न

मूळ संख्या अनंत आहेत, हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केले. फक्त १ ने बनलेल्या मूळ संख्याही अनंत असाव्यात, असा गणितज्ञांचा अंदाज आहे. पण सिद्धता नाही. पहिलीतले मूल जी संख्या पाटीवर लिहू शकते, तिच्याबद्दलचा एवढा साधा प्रश्न आज सगळ्या जगाला मिळूनही सुटलेला नाही. आणि त्याची पहिली पायरी, म्हणजे १११ ला ३ ने आणि ११११ ला ११ ने भाग जातो हे पाहणे, यासाठी कागद-पेन्सिलपलीकडे काहीही लागत नाही.